रेणुका ट्रेडर्सची मालकीण

आदिलाबादच्या बसस्टँडमागे, चपलांच्या दुकानाच्या वर, सुनयनाचं 'खाजगी चौकशी'चं ऑफिस होतं. खून-दरोडे तो जिना कधी चढले नव्हते. मुलगा पितो का, मुलीकडचे सांगतात तेवढं शेत खरंच आहे का, अशा सोयरिकीच्या चौकशांवरच तिची चूल पेटायची.

रेणुकाबाई तो जिना चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, पण ती त्यांनी कुणाला दिसू दिली नाही. दारातच थांबून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतल्या दोघांना न्याहाळलं. बाई चाळिशीची, किडकिडीत, नजर अशी की समोरच्याच्या पिशवीतलंही तिला दिसावं. पुरुष जाडजूड, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला.

"याचं काय काम इथं?"

"हे माझे दीर, बंडूभाऊजी. आधी बसमध्ये कंडक्टर होते. आता गाडी चालवतात, अन् मी जे म्हणीन त्याले नाई म्हणतात."

"मग असू द्या. घरात एखादा पायजेच तसा." रेणुकाबाई बसल्या. पुढे केलेल्या पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. "आधी एक सांगा. घरातल्याच माणसाचं पाप निघालं, तर ते कोणाले सांगता?"

"जो काम देते त्याले. दुसऱ्या कोणाले नाई."

तेव्हा कुठे त्यांनी पाणी घेतलं.

तलमडुगुजवळच्या गावात त्यांचं कापसाचं शेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा देवानंद आणि सून रूपा. गेल्या आठवड्यात टॅक्सवाल्यांची जीप गावात आली आणि साहेबांनी चार माणसांत विचारलं, रेणुका ट्रेडर्सची मालकीण कोण?

"मी हासली. म्हटलं, माझ्या शेतातल्या बुजगावण्याच्या नावानं काढा दुकान, ते तरी शर्ट घालून उभं राहते. साहेब नाई हासला."

त्यांच्या नावावर भंगार लोखंडाचा धंदा होता. कागदावरच. कोट्यवधीची खोटी बिलं फाडलेली, आणि त्यावरचा टॅक्स सरकारला यायचा होता. बँकेतलं खातं बंद करून टाकलं होतं. कापसाचे सगळे पैसे त्यात अडकले होते, आणि पुढचा नंबर शेताचा, असं साहेब म्हणाला होता.

"म्या म्हटलं, साहेब, मी भंगार विकणारी दिसतो का? तर म्हणे, अम्मा, सरकार तोंड नाई पाहत. पॅन पाहते, आधार पाहते, फोनवर आलेला आकडा पाहते. ते तिन्ही जुळले की माणूस जुळला."

"फोन कोणाचा होता?"

"आधारले देवानंदचा जोडला होता. तो कोणीतरी बदलला. ऑक्टोबरच्या तेवीस तारखेले. साहेब म्हणे, जित्या माणसाची खूण घेतल्याबिगर तो नंबर बदलत नाई. तुमी कोणाले तरी अंगठा दिला, अम्मा. जबाबाच्या दिवशी त्याचं नाव सांगा, नाईतर मालकीण तुमीच."

"दिला होता?"

"नाई! नवरा गेल्यापासून अंगठा म्हणजे माझी इज्जत आहे. इचारल्याबिगर कुठं टेकवत नाई मी."

"त्या दिवशी घरी कोणी परकं माणूस आलं होतं?"

"तारखा मी ठेवत नाई, बाई. पण माझ्या घरात परका माणूस वट्ट्याच्या वर येत नाई, येवढं नक्की."

बंडूने त्यांच्या पिशवीवर ठेवलेला चष्मा उचलला आणि नाकावर चढवला. सोनेरी काड्यांचा होता. खिडकीशी जाऊन तो रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचू लागला, अगदी खालच्या बारीक फोन नंबरापर्यंत. "वयनी, कसा दिसतो? सिनेमातला साहेब?"

"ठेव खाली!" रेणुकाबाई ओरडल्या. "माझ्या भावानं दिवाळीत दिला तो. घरी बसवून, यंत्र लावून डोळे तपासले त्यानं. पोटच्या पोराले सुचलं नाई इतक्या वर्षांत."

बंडूने निमूट चष्मा ठेवला. सुनयना एवढा वेळ त्याच्याकडेच पाहत होती.

"तुमचा संशय कोणावर आहे?" तिने विचारलं.

रेणुकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ते बोलायला जड जात होतं. "माझा भाऊ माणिक म्हणते, सुनेचंच काम आहे. ते बचत गट चालवते, गावभरच्या बायकांचे कागद तिच्यापाशी. दिवसभर फोनमधी बोटं. अन् मले भेव वाटते की पोरगाही सामील आहे." त्यांचा आवाज उतरला. "उद्या जबाबात मी तिचं नाव सांगणार. खरं असलं तर ते तुरुंगात जाईल. खोटं असलं, तर माझं घर मी माझ्याच तोंडानं मोडलं. तुमच्यापाशी आजचा दिवस आहे."

*

रूपा अंगणात कापूस पसरत होती. पाहुणे दिसले तसा तिने पदर खोचला, पण चहाचं विचारलं नाही.

"तेवीस तारखेले कुठं होता तुमी?" सुनयनाने विचारलं.

"माहेरी, नेरडीगोंड्याले. भाऊ गाडी घेऊन आला होता. दोन दिवस राह्यली मी." उत्तर तयारच होतं. "हेही साहेबांनी इचारलं, अन् मामांनीही. आता तुमी. गावच्या पारावर भोंगा लावून सांगू का?"

"तोंड आवर," रेणुकाबाई म्हणाल्या.

"आवरतो, आई. पण दिवाळीनंतर यांच्या फोनवर तुमच्या नावाचे सरकारी मेसेज येणं बंद झालं, हे मीच सांगतलं होतं. हे म्हणे रेंज नसंल. अन् कागदाचं म्हणाल, तर तुमचे कागद माझ्यापाशी कधी होते? मामांले माहेरचा हिस्सा सोडून दिला तवा पॅन, आधार, फोटो, सगळं गठ्ठ्यानं त्यांच्या हाती दिलं. एक झेरॉक्स मागतली तर म्हणाल्या, माझ्या भावावर पहारा ठेवतं का?"

रेणुकाबाईंची कानशिलं तापली. परक्या बाईसमोर माहेर काढलं होतं सुनेनं. "सोडला हिस्सा! भावाले सोडला, चोराले नाई. तुले काय कळते, तू तर साधा दोरा ओवतं माझ्यासाठी अन् त्याचेही उपकार मोजतं."

"नवा चष्मा घालूनही तुमाले सुई दिसत नाई, त्याले मी काय करू?"

बंडूने सुनयनाच्या कानाशी तोंड नेलं, पण त्याचं कुजबुजणंही बसमध्ये तिकीट विचारल्यासारखं होतं. "वयनी, हिची जीभ पाहता, हिनंच केलं दिसते मले."

देवानंद गोठ्यामागे सापडला. तिशीचा माणूस, पण आईला पाहून त्याने विडी पायाखाली चिरडली.

"तेवीसले? मी बेज्जूरले, शीतलकडे. म्हणजे माझी बहीण. मुक्कामी होतो. जंगलातला रस्ता, रात्री निघता येत नाई."

"मग घाम काऊन फुटला तुमाले?"

त्याने आईकडे पाहिलं नाही. खाली बघूनच बोलला. "मलेही वाटून राह्यलं होतं की रूपानंच केलं. तिले अजून इचारलं नाई. आठ दिवस झाले, एका ताटावर बसतो अन् इचारत नाई."

रेणुकाबाईंना एक कळलं. मुलगा सामील नव्हता. पण घर तर आतून किडून चाललं होतं, जबाब व्हायच्या आधीच.

*

तलमडुगुला रविकांतचं आधारचं दुकान होतं. रेणुकाबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या गाडीतच बसल्या. दोघं आत जाऊन बरीच मिनिटं झाली. त्यांना सारखं वाटत होतं, आता बाहेर येऊन सुनयना सांगेल, हो, तुमच्या सुनेला इथं पाहिलं होतं.

बंडू आधी आला. "आत काई नाई, मावशी. कॉम्प्युटर, कॅमेरा, अंगठ्याची काच, एक काळी दुर्बीण. पोट्टा सरळ वाटते, म्हणून मले जास्तच संशय येते."

मागून रविकांत आला आणि खिडकीशी वाकला. "मावशी, माझ्या पेटीवरून, म्हणजे या आधारच्या यंत्रावरून, नंबर बदलला असता तर माझा कोड निघाला असता. साहेबांनी तपासून पाहिलं. कोड दुसऱ्याच जिल्ह्यातला आहे, पेटी कोणीतरी भाड्यानं फिरवून राह्यलं. अन् तेवीसले माझं शटर खाली होतं. किनवटले गेलतो, बहिणीकडे."

"तूही बहिणीकडे!" बंडू म्हणाला.

"बोटं दाखवा, मावशी." रविकांतने त्यांचा हात उलटा करून सुनयनाला दाखवला. बोंडांची टोकं घासून घासून पेरं गुळगुळीत झाली होती, मधेमधे चिरलेली. "हे पाहा. दसऱ्यापासून कापूस वेचते, त्या बाईचा अंगठा उमटत नाई. माझ्याकडे रोज दहा बायका येतात, काच पुसून पुसून थकतो मी."

"या वयात तुमीच वेचता?" सुनयनाने विचारलं.

"मग काय सुनेच्या भरवशावर ठेवू? ते बोटाले चिंध्या बांधून वेचते, नाजूक बाहुली."

परतताना बंडू स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "वयनी, एक गोष्ट ध्यानात आली का? एकाच दिवशी सगळे गावाबाहेर! एकाले इचारा, फटकन तारीख सांगते. हे तिघांचं संगनमत आहे."

"भाऊजी, आज पहिल्यांदा तुमी कामाचं बोलले," सुनयना म्हणाली. "फक्त उलटं बोलले."

रेणुकाबाईंना त्यातलं काही कळलं नाही.

*

संध्याकाळी माणिकराव आला. पांढरा शर्ट, हातात जिलबीचा पुडा. आधी बहिणीच्या पाया पडला, मग खाटेवर बसला. रेणुकाबाईंना दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"जेवलीस का, अक्का? या बाई कोण? चौकशीवाल्या? कायले फुकट पैसे घालवतं." तो हळू आवाजात बोलू लागला. "उद्या मी सोबत येतो. तू येवढंच म्हण, सुनेनं माझा अंगठा घेतला. वकिलाले इचारलं मी. बाईमाणूस आहे, लवकर सुटंल. तुझं शेत तर वाचंल."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आपला धंदा काय?" सुनयनाने विचारलं.

"आदिलाबादले गोदाम आहे. जुन्या गाड्या, मशिनी घेतो, विकतो. मंदा चालला आहे सध्या."

"तेवीस ऑक्टोबरले कुठं होता?"

"इतक्या जुन्या तारखा कोणाच्या ध्यानात राहतात, बाई?" माणिकराव हसला. "तुमच्या राहतात का?"

"राहतात कधीकधी," सुनयना म्हणाली. "मुक्काम इथंच करा. सकाळी सगळे सोबतच निघू."

*

रेणुकाबाईंचा डोळा लागला नाही. सकाळी आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून त्या वट्ट्यावर आल्या, तेव्हा सगळे जमले होते. देवानंद खांबाला टेकलेला, रूपा उंबऱ्याच्या आत, माणिकराव खाटेवर. रविकांतही आला होता. त्याच्या पायाशी कापडानं झाकलेली पेटी होती.

"मले सांगणार होता ना, एकटीले?" रेणुकाबाई सुनयनाला म्हणाल्या.

"तसंच ठरलं होतं. पण तुमी म्हणाल तर सगळ्यांसमोर सांगतो. कारण संशय सगळ्यांसमोर घेतला आहे."

"सांगा," रेणुकाबाई म्हणाल्या.

"साहेबानं इचारलं, अंगठा कोणाले दिला? तुमी म्हटलं, कोणालेच नाई. तुमी खरं बोलल्या. कापूस वेचायच्या दिवसात तुमचा अंगठा कोणी चोरून घेतला तरी तो उमटला नसता. मग जित्या माणसाची खूण कोणती गेली? आपल्या लोकांले अंगठा म्हणजे सही, हे पक्कं माहीत आहे. तो आपण जपतो. पण सरकारच्या पेटीले अंगठ्यासारखाच डोळाही चालते. अन् डोळा कोणी जपत नाई. डोळा म्हणजे आपल्याले नुसतं पाहणं."

"पण डोळा कोण मागते असा?" बंडू म्हणाला. "वयनी, हे काई पटत नाई."

"डोळा तपासणारा मागते. भाऊजी, काल तुमी मावशीचा चष्मा घालून रस्त्यापलीकडचा बारीक नंबर वाचला. तुमची नजर चांगली. जाड नंबराचा चष्मा लावला असता तर तुमाले गरगरलं असतं. अन् इकडं रूपाताई सांगतात, तो चष्मा घालूनही यांले सुई दिसत नाई. ज्या चष्म्यात नंबरच नाई, त्यासाठी डोळे कायले तपासले?"

रेणुकाबाईंनी भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"आता तारीख. देवानंदराव कुठं होते? बहिणीकडे. रविकांत? बहिणीकडे. रूपाताई? भावाकडे. भाऊजींले वाटलं संगनमत. अहो, संगनमत नाई. तेवीस ऑक्टोबर म्हणजे भाऊबीज! म्हणून तर सगळ्यांनी तारीख इचारल्याबरोबर सांगतली. त्या दिवशी आपला प्रत्येक माणूस बहिणीच्या दारी असते. मी मावशीले इचारलं, परकं कोणी आलं होतं का. त्या म्हणाल्या, नाई. हेही खरंच. भाऊ परका कुठं असते?" सुनयना वळली. "अन् ज्याले ते तारीख आठवली नाई, असा एकच माणूस निघाला. भाऊबीज विसरणारा भाऊ."

"हे सगळं हवेतलं आहे," माणिकराव म्हणाला. "अक्का, ही बाई पैशासाठी—"

"रविकांत, कापड काढा."

पेटीतून काळी दुर्बीण बाहेर आली. दोन जाड नळ्या, कडेला रबर. रविकांतने ती रेणुकाबाईंसमोर धरली.

रेणुकाबाईंनी ती हातात घेतली, डोळ्यांना लावली, खाली ठेवली. पाटावर बसल्याचं त्यांना आठवलं. ओवाळून झालं होतं. निरांजन अजून जळत होतं. माणिक म्हणाला होता, हलू नको अक्का, डोळे मोठे कर. लहानपणी त्याच्या डोळ्यात काजळ घालताना त्या त्याला तसंच म्हणायच्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच होतं."

"पॅन अन् आधारची नक्कल हिस्सा सोडला तवाच हातात आली होती," सुनयना म्हणाली. "नंबर आपल्या फोनवर वळवला की बाकी सगळं घरी बसून होते. भंगाराचा धंदा माणिकरावांले नवा नव्हता. आता साहेब तो फोन अन् ते पेटी कोणाच्या हातात होती, हे काढतील. दोन दिवसांचं काम आहे त्यांचं."

माणिकराव खाटेवरून उतरून बहिणीच्या पायाशी बसला. "अक्का, थोड्याच दिवसांसाठी होतं. मी भरणार होतो. म्हटलं, शेतकऱ्याच्या बाईले टॅक्स कोण इचारते? तुझ्याकडे कोणी येणारच नव्हतं. आले तवा भेलो मी. तुले तुरुंगात जाऊ दिलं असतं का मी?"

"मले नाई," रेणुकाबाई म्हणाल्या. "तिले जाऊ दिलं असतं."

त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "तू बोलली नाई तर हे बाहेर जात नाई. मी सगळे पैसे भरतो. आपल्या माय-बापाची आण आहे तुले."

रेणुकाबाईंनी पाय काढून घेतले नाहीत. अंगणात पसरलेला कापूस वाऱ्याने हलत होता आणि रूपाने पुढे होऊन त्याच्यावर काठ्या ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मग रेणुकाबाई उठल्या.

"गाडी काढा, बंडूभाऊ. उशीर होते."

*

टॅक्स ऑफिसात साहेबाने जबाबाचा कागद पुढे ओढला. "बोलो अम्मा. किसका नाम लिखूँ?"

"माणिकराव. माझा भाऊ." त्यांनी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. प्रत्येक शब्द दातांखालून काढल्यासारखा. "लिहून घ्या. मग पुन्हा मले इचारू नका. एकदाच होते हे माझ्यानं."

साहेबाने लिहिलं. सुनयनाने सांगितलेलंही लिहिलं. मग म्हणाला की चौकशी पुरी होईपर्यंत शेताला हात लागणार नाही, आणि खातं मोकळं करायचं पत्र तो बँकेला पाठवेल. पण आधारला नवा फोन नंबर जोडावा लागेल. आता सरकारकडून जे काही येईल, ते त्या नंबरावर येईल. कोणाचा लिहू?

देवानंद पुढे झाला आणि खिशातला फोन काढू लागला.

"तुझा नाई," रेणुकाबाई म्हणाल्या. "तुले मेसेज येते की नाई हेच कळत नाई."

त्या मागे वळल्या. रूपा दाराशी उभी होती, अजून आत यावं की नाही या विचारात.

"उभी काऊन आहे तिथं? ये इकडं. तुझा नंबर सांग साहेबाले."

"माझा?" रूपा जागची हलली नाही. "नको, आई. उद्या काई झालं तर पुन्हा माझंच नाव."

"झालं तर तवाचं तवा भांडू. भांडायले घर आहे आपल्याले." रेणुकाबाईंनी साहेबाकडे पाहिलं. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "लिवा, साहेब. ते सांगते तोच माझा नंबर."

रूपा पुढे आली, आणि एकेक आकडा सांगू लागली.